दस्तीखालचा भाव

परभणीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. शाळेची वापरलेली पुस्तकं हा पोटापाण्याचा धंदा आणि जुने कॉमिक्स हा माझा नाद. तो नादही आता बऱ्यापैकी पैसे देतो. पुण्यामुंबईची, हैदराबादची टक्कल पडलेली माणसं लहानपणी हरवलेला एखादा अंक मिळावा म्हणून माझ्याशी फोनवर तासतासभर घासाघीस करतात. त्यामुळे आसपास कुणाचा मोठा संग्रह विकायला निघाला की मला बोलावणं येतं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सेलूहून असाच फोन आला.

"अगं, मी बोलायलेय. वळखलंस का?"

ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत आवाज जाड झाला होता, पण त्यातला थाट तोच. सेलूच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारातल्या, मोठ्या आडत्याची ती एकुलती एक लेक, माझ्याच वर्गातली. माझे वडील तिच्या वडिलांच्या आडतीवर हमाल होते.

"माझे कॉमिक्स आठवतेत का तुला? सगळे तसेच हायत. आता आमी पुण्याला जायलोत, पोराकडं. बाबांनापण घेऊन. तिथं एवढं कुठं ठेवायचं? तू येऊन भाव सांग, पटलं तर घेऊन जा."

आठवतेत का, म्हणे. फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते.

सांगून टाकते. मी आयुष्यात कुणावर सगळ्यात जास्त जळले असेन तर तिच्यावर. तिच्या फ्रॉकांवर नाही, सोन्याच्या डुलांवर नाही, घरच्या जीपवरही नाही. फक्त त्या कॉमिक्सवर. तिचे वडील कापसाच्या कामाने सारखे रेल्वेने हिंडायचे आणि दर खेपेला स्टेशनवरच्या स्टॉलमधून दहा-बारा अंक आणायचे. ती ते लाकडी कपाटात नंबरानुसार लावायची आणि कपाटाला कुलूप घालायची. वाचायची मात्र नाही. चित्रं बघायची, पानं चाळायची आणि कंटाळायची. चणे आहेत तर दात नाहीत, अशातली गत. दात सगळे माझ्याकडे होते.

दुपारी मी वडिलांची भाकरी घेऊन मोंढ्यात जायची. ते जेवत असताना मी आडतीच्या मागच्या त्यांच्या घरी पळायची. तिथले नियम ठरलेले. आधी हात धुवायचे, मग ते फ्रॉकला न पुसता वाळू द्यायचे, कारण माझ्या फ्रॉकला कायम कापसाची कुसं चिकटलेली असायची. मग उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसायचं. एका दिवशी एकच अंक. घरी न्यायचा नाही. आणि वडिलांची हाक आली की जिथे असू तिथे मिटून परत द्यायचा. एका अंकात समुद्रातल्या दीपगृहात एक मुलगा कोंडला जातो. शेवटची दोन पानं उरली होती आणि हाक आली. दुसऱ्या दिवशी मी तोच अंक मागितला तर ती म्हणाली, "तो झालाय तुझा. आज दुसरा घे." मी पुष्कळ विनवलं. तिने मान हलवली आणि कपाटाला कुलूप लावलं. मला तो मुलगा सुटला की मेला हे कधी कळलंच नाही. पुढे वडिलांच्या पाठीचं दुखणं वाढलं, ते काम सुटलं आणि आम्ही परभणीला आलो.

म्हणून सेलूला जाताना मी बसमध्ये एकच गोष्ट ठरवली होती. तो संग्रह मी घेणार, आणि तिला कळणारही नाही इतका स्वस्तात घेणार. धंदा म्हणून नाही. तिच्याकडून काहीतरी हिसकावून घ्यायचंच होतं मला.

घर तेच होतं, फक्त आडत बंद झालेली. तिने मला हाताला धरून आत नेलं, "लय बारीक झालीस गं," म्हणाली आणि पंखा माझ्याकडे वळवला. मी पंख्याखाली, आतल्या खोलीत, गादीवर बसले. तरी माझं लक्ष आधी पायरीकडेच गेलं. समोर खाटेवर तिचे वडील टेकून बसले होते. तीन वर्षांपूर्वी लकवा मारल्याने उजवं अंग गेलेलं आणि वाचाही गेलेली. डोळे मात्र जागच्या जागी होते. सगळ्या मोंढ्यात त्यांच्या नजरेचा धाक होता. पोत्यात हात घालून मूठभर कापूस काढला की कुठल्या गावचा आणि कोणत्या वेचणीचा ते सांगायचे.

मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते समजलं नाही.

"हमालाची लेक हो बाबा, पायरीवर बसून वाचायची ती," तिने ओरडून सांगितलं. तिच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते लागलं.

मग कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा, जुन्या कागदाचा वास आला. अकराशेच्या वर अंक. मी चार-पाच अंक काढून उलटसुलट बघितले. असा माल मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. आमच्याकडे जुने कॉमिक्स येतात ते पोरांच्या हातून सुटलेले. मुखपृष्ठ गेलेलं, शब्दकोडं पेनाने भरलेलं, मोफत चित्र कात्रीने कापून घेतलेलं, पहिल्या पानावर नाव, इयत्ता आणि तुकडी. इथे तसलं काहीच नाही. टाचण्यांना गंज नाही, कसर नाही, पाठीचा कणा न मोडलेला. ज्या अंकांसाठी माझी गिऱ्हाइकं दोन-दोन वर्षं वाट बघतात ते तिच्याकडे ओळीने उभे होते. माणसाने न वाचता ठेवलं की माल किती चांगला राहतो! मला रागाने रडू यायची वेळ आली.

रडले नाही. माल निवडायला बसले. तीन ढीग केले: उत्तम, मध्यम आणि किरकोळ. हे करताना एक लबाडी केली, जी मी दुकानात पोराटोरांशीसुद्धा करत नाही. दुर्मीळ अंक निवडून किरकोळच्या ढिगात खाली सरकवले आणि वर रोजचे, कुठेही मिळणारे अंक टाकले. ती चहा टाकायला आत गेली होती. मनात मी खरा हिशोब लावला तर पंचावन्न हजारांच्या आसपास जात होता. म्हणायचे ठरवले वीस.

दीपगृहाचा अंक मधल्या ढिगात सापडला. शेवटची दोन पानं उघडली. मुलगा कंदील हलवतो, होडी येते, सुटतो. एवढंच. एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं तिच्या नावाने बोटं मोडली होती. त्याआधीच्या पानाच्या घडीत कापसाचा एक तंतू अडकलेला होता, पिवळा पडलेला. दुसऱ्या कुणाचा असणार? मी तो नखाने काढायला गेले आणि सहज वर पाहिलं.

म्हातारा बघत होता. अंकाकडे नाही, किरकोळच्या ढिगाकडे. मग माझ्याकडे.

चहा घेऊन ती आली. "बोल, काय भाव करायलीस?" तिने विचारलं. मी घसा साफ केला. "काय हाय ना, आजकाल पोरं मोबाईल बघतात, कॉमिक्स कोण घेतंय," अशी सुरुवात केली. तेवढ्यात खाटेवरून ठक् ठक् आवाज झाला. म्हातारा डाव्या हाताने खाटेची पाटी वाजवत होता. मग त्यांनी खांद्यावरची दस्ती ओढली. दस्ती म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल. ती त्यांनी मांडीवर टाकली, तिच्याखाली डावा हात सरकवला आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

ती हसायला लागली. "बाबा, आता कुठलं! लिलाव मोठ्यानं बोलून होतेत आता."

मला मात्र कळलं. आमच्या लहानपणी मोंढ्यातले मोठे सौदे तोंडाने व्हायचे नाहीत. घेणारा आणि विकणारा दस्तीखाली एकमेकांचा हात धरायचे आणि जितका भाव तितकी बोटं दाबायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. एका बोटाला किती धरायचं ते आधी ठरलेलं. माझे वडील पोत्यावर बसून ते बघायचे आणि रात्री मला बोटं धरून शिकवायचे. पण बायकांच्या हातावर कुणी दस्ती टाकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

"एका बोटाला दहा हजार," मी म्हणाले. म्हाताऱ्याने मान डोलावली. मी खाटेजवळ सरकले आणि दस्तीखाली हात घातला.

हात गरम आणि कोरडा होता. मी त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली. मी पुन्हा दोन धरली, आणि मग तिसरं अर्धं दाबलं, म्हणजे पंचवीस. ते थांबले. माझा पंजा उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. माझ्या तळव्याला घाम फुटला होता. वडील सांगायचे, "मालक कापूस एकदाच बघतेत, घेणाऱ्याचा हात दोनदा बघतेत. हाताला घाम आला की समजावं, याला माल पायजेच." मला आता ते आठवून उपयोग नव्हता. म्हाताऱ्याने माझा अख्खा पंजा धरला. पाचही बोटं. आणि दाबला.

पन्नास. कॉमिक्समधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी खऱ्या भावाच्या पाच हजार अलीकडे येऊन थांबले होते. तेवढं त्यांनी माझ्या गाडीभाड्याला, माझ्या पोटाला ठेवलं होतं. मी मान खाली घातली आणि उलट त्यांची पाच बोटं दाबली. सौदा झाला.

हे झाल्यावर हात सोडतात. मोंढ्यात तर लगेच दस्ती झटकून खांद्यावर टाकतात. त्यांनी माझा हात सोडला नाही. तसाच धरून ठेवला आणि अंगठ्याने मधल्या बोटाच्या मुळाशी हळूहळू चोळत राहिले, लहान लेकराचा हात चोळतात तसा. माझ्या लबाडीवर शिक्का मारला की माफ केलं, की पायरीवरच्या पोरीला ओळखलं, मला सांगता येणार नाही. मला त्या वेळी फक्त एवढं वाटलं की हे तिच्यासमोर व्हायला हवं होतं, आणि ते तिच्यासमोरच होत होतं. मला आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो.

मी पन्नास हजारांचा आकडा सांगितला तेव्हा ती खूश झाली. तिला बारा-पंधरा हजारांची आशा होती. टेम्पोवाल्याला फोन केला, खोकी भरली. मी किरकोळच्या ढिगातले दुर्मीळ अंक वर काढून नीट वेगळे बांधले. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. दीपगृहाचा अंक मी तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "हा ठेव तुझ्याकडं, आठवण." ती म्हणाली, "कशाला? मी कुठं वाचलाय." खरंच बोलत होती. मी तो पिशवीत टाकला.

निघताना ती दारापर्यंत आली. खोकी टेम्पोत चढत होती. तिने एकदा मागे वडिलांकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चांगलं ओळखता येत होतं. चाळीस वर्षं मी आरशात तेच बघत आले होते.

"मला कधीच न्हाई दिला त्यांनी दस्तीखाली हात," ती म्हणाली. "लहानपणी लय मागं लागायची मी. म्हणायचे, पोरीचं काम न्हाई हे. आता रोज आंघोळ घालते, भरवते, पण हात धरला की वढून घेतेत. लाजतेत का काय." मग पदर हातावर टाकून तिने हात पुढे केला. "दाखव ना गं. कसा धरला होता?"

पदराखाली तिचा हात माझी वाट बघत होता. उरलेल्या दोन पानांसाठी मी जशी विनवत होते, तशीच ती विनवत होती. मला ते कळत होतं, नीट कळत होतं.

"साधाच धरला गं," मी म्हणाले. "दाबला आणि सोडला." आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.