खरखरीत बाजू आत

खिडकीचा सातवा भाग टेबलावर आडवा ठेवताना मिस्त्रींच्या कमरेतून कळ गेली. वाचनालयाच्या जिन्यावरच्या रंगीत खिडकीचे असे नऊ भाग होते. वाळलेली पुट्टी खरवडायची, शिशाच्या पट्ट्या बदलायच्या, खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून पुन्हा फटीफटीत भरायची, यातच त्यांचा जन्म गेला होता. आता सकाळी बोटं सरळ व्हायलाच अर्धा तास लागे.

“बाबा, या बाईला तोंडच नाहीये,” लेक म्हणाली. हाताखाली काम शिकत आता तीच अर्धं काम ओढत होती.

मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला. निळ्या झग्यातली, हातात दिवा घेतलेली बाई. चेहऱ्याच्या जागी कोरी काच.

लेकीनं काचेवरून बोट फिरवलं. “उलटी बसवलीय. रंगाची खरखरीत बाजू बाहेर. इतकी वर्षं पावसानं धुऊन काढली. कोण गाढव होतं हो?”

“जुनं काम आहे.”

“जुनं कसलं? अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुम्ही दोघा भावांनीच केलेलं ना? मग काकाच. दुसरं कोण!”

घरात काही मोडलं, हरवलं, नासलं की बिल काकाच्याच नावावर फाटायचं. धाकटा भाऊ होताच धांदरट. शेवटी थट्टेला कंटाळून त्यानं धंदा सोडला, मग येणंजाणंही.

मिस्त्रींनी चेहऱ्याभोवतीची पट्टी सोडवायला घेतली. काच बसवणाऱ्यानं पट्टीच्या आतल्या अंगाला आपली खूण ओरखडायची, ही त्यांच्या कामाची रीत. पुढची दुरुस्ती निघेपर्यंत ती कुणाला दिसत नाही. भावाची खूण फुली, त्यांची त्रिकोण.

पट्टी उघडली. पुट्टीचा चुरा गळून पडला. आत त्रिकोण होता.

लेक पाठमोरी भुकटी चाळत होती. भंगाराचा डबा पायाशीच होता. पट्टी आत टाकली की संध्याकाळी वितळून गेली असती. चूक कशी झाली, काही केल्या आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की या पोरीकडून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं : बोट फिरव, खरखरीत बाजू आत.

ते स्टुलावर बसले. आणखी एक गोष्ट पोटात ठेवून वागवायचं त्राण उरलं नव्हतं.

“इकडे ये,” म्हणत त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली.

तिनं ती उजेडात धरली. “त्रिकोण? तुम्ही?”

“मीच ते गाढव.”

तिनं पट्टी टेबलावर ठेवली. “आणि जन्मभर माझ्या मागे कटकट, बोट फिरव, बोट फिरव!”

“तू फिरव म्हटलं होतं. मी फिरवतो असं कुठं म्हटलं?”

लेकीला हसू फुटलं, पण टिकलं नाही. “आणि काका?”

“लाव फोन.”

मिस्त्रींनी भावाला सगळं सांगितलं, लांबण न लावता. नवा चेहरा रंगवायचा होता आणि त्यात हात भावाचाच चांगला, हेही सांगितलं.

“नाक जरा डावीकडे होतं तिचं,” भाऊ म्हणाला. “तुझ्याकडच्या ब्रशांनी नाही जमायचं. माझे घेऊन येतो.”

मिस्त्रींनी फोन लेकीकडे दिला आणि टेबलाला धरून उठले. दोन भाग अजून खिडकीतच होते.