आमचा दामू, शर्यतवाला

दामू गेल्याचं कळल्यावर जो तो एकच विचारत होता, ‘कुठल्या वळणावर?’ ज्याची मोटार तो हाकायचा, त्या शेठच्या पेढीवरचा माणूस मुंबईहून आला, त्यानंही हेच विचारलं आणि खालापूरच्या भाऊबंदांनीही. शर्यतीची मोटार हाकणारा माणूस ऐन उमेदीत गेला म्हणजे मोटारीतच गेला असणार, असं सगळ्यांनी धरलेलं. मी सांगायचो, ‘घरात गेला. आमच्या चौक गावच्या घरात, मधल्या खोलीत, अंथरुणावर.’ मग त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मलाच वाटायचं, की मी काहीतरी खोटं सांगतोय...

दामू माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, यमुनेचा पाठचा भाऊ. घर खालापूरजवळ, भातशेतीचं. पण याचा जीव शेतात कधी रमला नाही. नुकती मिसरूड फुटलेली, तेव्हा घाट उतरून एका शेठची मोटार रस्त्यात बंद पडली. हा तिला ढकलायला म्हणून गेला आणि ती सुरू झाल्यावर तिच्यातूनच मुंबईला गेला. आधी मोटारी पुसल्या, मग हाकल्या. पुढे शेठला शर्यतींचा नाद लागला. मोटार शेठची, हौस शेठची, पण शेठच्या छातीत भरधाव वेगानं धडकी भरायची. म्हणून चाकामागे दामू बसला. समुद्राला ओहोटी लागली की ओल्या, टणक वाळूवर मोटारी पळायच्या, आणि थंडीत खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत घाट चढायची शर्यत असायची. चार-पाच वर्षांत दामूचं नाव असं झालं, की चौकला टपरीवर चहा प्यायला थांबणारे ड्रायव्हर मला ‘मास्तर’ म्हणायचं सोडून ‘दामूचे दाजी’ म्हणू लागले.

एकदाच आम्ही दोघं त्याची शर्यत बघायला गेलो. घाटातल्या एका वळणावर त्यानं आम्हाला धोंड्यांच्या आड उभं केलं. मोटार दिसायच्या आधी डोंगर घुमला. मग धुळीतून ती आली, मागची चाकं दरीच्या बाजूला सरकली... यमुनेनं पदर तोंडावर घेतला आणि माझा दंड इतका आवळला, की वळ कितीतरी दिवस राहिले. मी डोळे उघडे ठेवले होते खरे, पण माझ्या हातात काय होतं? वर पोचलो तेव्हा शेठच्या गळ्यात हार होता, हातात चांदीचा पेला. दामू बाजूला फडक्यानं हात पुसत उभा होता.

“तुजा पेला कुठं हाय रं?” यमुनेनं विचारलं.

“पेला शेठचा, अक्का. मोटार त्याची ना!” तो हसला. “वळणावर मला बघितलंस का?”

तिनं ‘बघितलं’ म्हणून सांगितलं.

त्यानंतर तिनं त्याचा पिच्छा पुरवला. लग्न कर, टॅक्सी हाक, पण हे सोड. दोन ठिकाणी सोयरीक लावली. एका मुलीच्या बापानं मला तोंडावर विचारलं, “मास्तर, रोज मरायला जानाऱ्याला पोरगी कोन देईल?” दामूला सांगितलं तर म्हणाला, “बरोबर बोलला तो, दाजी. पन मला दुसरं काय येतं? मोटार जोरात धावाया लागली का माज्या डोक्यातला कालवा थांबतो बगा.” त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

शेवटची शर्यत वाळूवरची. ती तो हरला. मधेच टायर फुटला, घाईनं चाक बदलताना गंजक्या पत्र्यानं तळहात फाटला. फडकं गुंडाळून तो आमच्याकडे विश्रांतीला आला. यमुनेनं हळद भरली. जखम सुकतही आली. मग एका सकाळी भाकरी मोडताना म्हणाला, “अक्का, माजं तोंड उघडत नाय गं नीट.” आम्हाला वाटलं, दाढ दुखत असेल. संध्याकाळपर्यंत मान ताठ झाली. पनवेलहून डॉक्टर आले आणि मला ओट्यावर नेऊन म्हणाले, ‘धनुर्वात.’ मुंबईला हलवू का, विचारलं. ते म्हणाले, धक्का सोसणार नाही, उजेड सोसणार नाही, आवाज तर अजिबात नाही.

आमचं घर रस्त्याला लागून. घाटाकडे जाणारी प्रत्येक मोटार दारावरून जायची, आणि तिच्या घरघरीनं, भोंग्यानं दामूचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण शुद्ध पुरती होती. डोळे आमच्याकडे बघायचे. ज्या आवाजासाठी घर सोडलं, तोच त्याला पिळून काढत होता. आम्ही खिडक्यांत गोण्या कोंबल्या. मी शाळा सोडून खोलीच्या दाराशी बसलो. यमुना रस्त्यात जाऊन उभी राहिली. येईल त्या मोटारीपुढे हात जोडायची, “माजा भाऊ हाय आत. दामू हाय. आवाज नको रं बाबांनो...”

ड्रायव्हरांनी काय करावं? मोटारी बंद केल्या आणि खाली उतरून हातांनी ढकलत घरावरून पुढे नेल्या. मालाच्या लॉऱ्यासुद्धा. ठाकरवाडीची मोळीवाली माणसंही ओझी उतरवून हात लावायची. कुणी बोलत नसे. मुंबईहून औषधाची सुई घेऊन पेद्रू आला. दरवर्षी घाटात दामूशी चुरस करणारा. जिवावर उदार होऊन हाकत आला होता, पण मोटार गावाबाहेर उभी करून, बूट हातात धरून अनवाणी आत आला. दामूनं त्याला ओळखलं, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. डॉक्टरांनी सुई दिली, पण आता उशीर झालाय, हेही सांगितलं. पेद्रू पायाशी बसून राहिला. “अजून जोरात यायला पाहिजे होतं,” एवढंच पुटपुटला. त्याला कसं सांगायचं, की त्याच्याहून जोरात कुणीच आलं नसतं? दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तेव्हा दामू गेला. बाहेर तेव्हाही माणसं एक लॉरी ढकलतच होती. त्यांना थांबवायचं भान कुणालाच राहिलं नाही.

याला दीड महिना होऊन गेला. गोण्या काढल्या, खोलीत उजेड येतो. पण ड्रायव्हर अजून आमच्या घराजवळ आले की मोटार सावकाश करतात, भोंगा वाजवत नाहीत. कुणी सांगितलेलं नाही, त्यांची ती सवयच झाली आहे. परवा दुपारी एक लॉरी अशीच हलक्या पावलानं निघाली होती. यमुना धान्य पाखडत होती. सूप टाकून ती कुंपणापर्यंत धावली.

“वाजव रं,” ती म्हणाली. “आता वाजव... आता काय नाय होत त्याला.”

लॉरीवाल्यानं मान खाली घातली आणि भोंगा न वाजवताच तो पुढे निघून गेला.