सकाळचा पेपर

कर्नाटकातल्या संतपूरजवळची आमची शाळा मराठी माध्यमाची, पण वरून येणारं प्रत्येक परिपत्रक कन्नडमध्ये. प्रार्थनेनंतर ते हातात धरून मुलांना थेट मराठीत वाचून दाखवायचं काम माझं. डोळे कन्नडवर, तोंडात मराठी. वीस वर्षं केलं आणि त्याचा मला थोडा माजही होता.

मग पाय बधिर झाले. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, शरीराची रोगाशी लढणारी ताकदच उलटलीय, मेंदूतल्या नसांवरचं आवरण खातेय. औषधांनी पाय सुधारले. "आता चांगल्या दिसायलाव, बाई," हेडमास्तर म्हणायचे. दिसायला मी चांगलीच होते. पण ओळ वाचायची, कळायची, आणि मराठी जुळवेपर्यंत अर्धी निसटून जायची. "विसरायला होतं का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. मी धडधडीत नाही म्हणाले. काम काढून घेतील, ही भीती.

निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं पत्र आलं. ही परीक्षा पाचवीतच, एकदाच देता येते. वाचता वाचता वेळेपाशी मी अडकले. मुलं वाट बघत होती. लाजेपायी तोंडाला आलं ते बोलून टाकलं, दुपारी दोन. पत्रात सकाळी साडेदहा होतं. मुलांची हॉल तिकिटं माझ्याच पर्समध्ये; ती ताडून बघायचं मी विसरले आणि दुसऱ्या कुणी वेळ बघितलीच नाही.

रविवारी चार मुलांना घेऊन जीपनं कमलनगरला पोचले तेव्हा इतर मुलं पेपर देऊन घरी निघाली होती. चौघांतली सगळ्यात हुशार मुलगी धनगराची. "बाई, आपला पेपर कधी हाय?" तिनं विचारलं. मी पर्समधून हॉल तिकीट काढून वेळ बघितली.

वाचताना अर्धं निसटतं हे मी कबूल केलं, तेव्हा "आधी कामून सांगितलं न्हाई?" हेडमास्तर एवढंच म्हणाले आणि वाचायचं काम दुसऱ्या सरांना दिलं. बरंच केलं. मला स्वतःची किळस आली होती.

आठवड्यानं त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेले. काय बोलायचं ते वाटभर घोकत होते. तिची आई नुकतीच रानातून आली होती. "तुमच्या लेकीचं माझ्यामुळं..." एवढं म्हणाले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी ओठ हलवत होते, शब्द येत नव्हता.

"चुकलं म्हणायलाव न्हवं, बाई?" ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली. माझी माफीसुद्धा तिलाच पुरी करावी लागली.