निळ्या साडीतली बाई

जयपुरातल्या मराठी मंडळाने पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं होतं. एका जुन्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ मी केलं होतं. लोक काय म्हणतील या धास्तीने मी त्या टेबलापाशीच घुटमळत होते.

एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी नेमकी तीच कादंबरी उचलली, उलटसुलट करून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"यावर निळ्या साडीतली बाई असायची, विहिरीपाशी बसलेली. ती कुठे गेली?"

"काका, मुखपृष्ठ नवं आहे. आतली कादंबरी तीच आहे."

"कादंबरी मला पाठ आहे हो. पण माझ्या बायकोला आता माणसं ओळखू येत नाहीत. ती बाई दिसली की मात्र हसते, मला शेजारी बसवून घेते. आमची प्रत पाण्यात भिजून गेली."

जुन्या मुखपृष्ठाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. आम्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची रंगीत प्रिंट काढली आणि मी ती माझ्या मुखपृष्ठावर नीट चढवली.

पुस्तक छातीशी धरून ते ई-रिक्षात बसले. "भैया, जरा जल्दी," असं चालकाला म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले. "कागद कोरा करकरीत लागतोय. ओळखेल ना ती?"

मी "हो" म्हणाले. रिक्षा गेली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि माझा तो "हो" खरा ठरला का, हे मला अजून कळलेलं नाही.