चावडीची पेटी

शिरड शहापूरच्या चावडीत मी पटवाऱ्याचा कारकून होतो. वेशीबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतले मास्तर दर बुधवारी कुणाचा ना कुणाचा अर्ज घेऊन येत आणि पायरीवर बसत. वर या, असं त्यांना कुणी म्हणत नसे, मीही नाही. मांडीवर एकाच फडक्यात बायबल आणि कायद्याचं, तेव्हाच्या सरकारी उर्दूतलं पुस्तक असे. दोन्ही ते सारख्याच सावकाशीनं, ओळीवर बोट ठेवून वाचत.

तहसीलदारांचा दौरा आला, तेव्हा सामान वाहायला वस्तीतली माणसं वेठीला धरली. मास्तर मला म्हणाले, "वेठ बंद केल्याचा हुकूम तुमच्या दप्तराच्या पेटीत हाय. सायबांना वाचून दाखवा."

"तो सापडत नाही," मी म्हणालो.

मग मास्तरांनीच अख्खा हुकूम तोंडपाठ म्हटला, प्रार्थना म्हणावी तसा. साहेब हसले. "कागद कुठंय?"

मास्तरांनी पुस्तकं माझ्यापुढं पायरीवर ठेवली आणि एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरची ट्रंक आपल्या डोक्यावर घेतली.

"सांभाळा," ते म्हणाले. "तुमाला वाचता येतं."

पेटीची किल्ली तेव्हा माझ्या जानव्यालाच होती.