काठाला लागल्याचा भोंगा

सासरे तरुणपणी राजमहेंद्रीकडे गोदावरीच्या आगबोटीवर कोळसा टाकायचे. ती बोट मोडीत निघाली तेव्हा तिचा पितळी भोंगा तेवढा त्यांनी हातापाया पडून मागून घेतला आणि हिंगणघाटला कापसातली सरकी काढायच्या ज्या जिनात नोकरी धरली, तिथल्या बॉयलरवर बसवला. बोट काठाला लागताना दोन आखूड, एक लांब असा भोंगा देत. जिन सुटताना सासरे तसाच द्यायचे. चारी बाजूंना कापूस आणि ह्यांची बोट काठाला लागतेय, अशी लोक चेष्टा करत. सासूबाई मात्र तो ऐकला की न्हाणीत त्यांच्यासाठी ऊन पाणी काढून ठेवायच्या.

माझ्या लग्नानंतर वर्षाने सासरे वारले. त्यांच्या जागी माझा नवरा लागला आणि बापाच्याच पद्धतीने भोंगा देऊ लागला. सासूबाईंचं पाणी काढणंही चालूच राहिलं. मला वाटलं, मुलासाठी असेल. पण हे विहिरीवरच आंघोळ उरकून यायचे. त्या पाण्याला कुणी हात लावत नसे. सकाळी ते गार पाणी मीच फेकायची, मनातल्या मनात चरफडत. एकदा मात्र न्हाणीच्या फरशीवर ओली पावलं दिसली. मांजर असेल, हे म्हणाले. टाचा असलेलं मांजर मी तरी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझं चरफडणं थांबलं. भोंगा झाला की मी न्हाणीकडे पाठ करून बसायची.

मग जिनात वीज आली आणि बॉयलर भंगारात निघाला. बोट गेली ती गेली, निदान भोंगा तरी राहू दे, म्हणून ह्यांनी मालकाकडे खेटे घातले. शेवटी तो सोडवून आणलाच. चिंचेने लख्ख घासला आणि दिवेलागणीला आईच्या मांडीवर ठेवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सासूबाई त्या दिवशी दुपारपासून जिनाकडे कान लावून बसल्या होत्या. पाणी केव्हाच तापलं होतं. त्यांनी भोंग्यावरून हात फिरवला, त्याचं तोंड बोटाने चाचपलं आणि ह्यांना विचारलं,

"हा त अठी हाये. मंग तुहे बाबा काठाले कसे लागतीन?"

सासरे वारले तेव्हाही सासूबाई रडल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र भोंगा उराशी धरून त्या भुईवर आडव्या झाल्या आणि रडत राहिल्या.