कैलासवासी वॉकर

रहिवासी संघाच्या खोलीत वस्तू साठतात ना, तसेच किस्सेही साठतात. वस्तू निदान वर्षातून एकदा झाडूनपुसून ठेवता येतात. किस्से कुठे ठेवायचे? म्हणून सांगून टाकते.

आमची नाशिकमधली जुनी, बैठ्या बंगल्यांची कॉलनी. संघाकडे कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या असं आजारपणाचं सगळं सामान आहे. कॉलनीत कुणी गेलं की घरचे त्यांच्या स्मरणार्थ एखादी वस्तू देतात. कुणी आजारी पडलं की ती फुकट वापरायला नेतात. मी संघाची सेक्रेटरी. चित्रकलेची रिटायर्ड शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर गेलेल्या माणसाचं नाव लाल ऑइलपेंटने मीच रंगवायचे. 'कै.' तर असा वळणदार काढायचे की बस्स! माझ्या या हौसेपायी कॉलनीतले आमचे तात्या, आडनावाने पगार, कायमचे अंथरुणाला खिळायची वेळ आली होती. सांगते, पण आधी जरा हसून घ्या.

*

सोनवणेंच्या मुलीने आईच्या नावाने कमोडची खुर्ची दिली. दिवाळीला पुण्याहून आली की ती आधी माझ्याकडे येते. "काकू, आईची खुर्ची सध्या कुणाकडे?"

एकदा म्हटलं, "अगं, यंदा तीन घरं फिरून आली." तर तिच्या डोळ्यांत टचकन पाणी! म्हणाली, "आईचा पाय घरात कधी ठरलाच नाही हो!"

*

कोपऱ्यावरच्या आजी न्यूमोनियातून उठल्या, पण कॉट काही परत येईना. दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारी कॉट. दुसऱ्या पेशंटचा निरोप आला, तेव्हा मी तणतणत गेले. अंगणात कॉट, कॉटवर धोतर आणि धोतरावर कुरडया! आजी स्वतः हँडल फिरवताहेत.

"ऊन सरकलं की हिचं डोकं उचलायचं बघ. गच्चीपेक्षा झकास वाळतात!"

भांडायला गेलेली मी, डबाभर कुरडया घेऊन परत आले. कॉट संध्याकाळी आली.

*

व्हीलचेअर एकदा कुणाच्या तरी मामांसाठी पिंपळगाव बसवंतला गेली. मामा बरे झाले. महिन्याभराने गेटवर टेम्पो उभा, आणि ड्रायव्हर ओरडतोय, "मॅडम, पेशंट उतरवून घ्या!"

मी धावत गेले, तर खुर्चीत द्राक्षांचा क्रेट, कमरेला पट्टा आवळून बसवलेला. ड्रायव्हर म्हणाला, "लय नाजूक हाय, म्हणून बसवून आणला!"

*

तर तात्या. मूळचे सटाण्याकडचे, गणिताचे मास्तर. बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, स्पष्टच सांगितलं, "आत्ता उभे राहिले तर राहिले. नाहीतर पुढे उठणं अवघड आहे." काकू रडकुंडीला आलेल्या. मी लगेच संघाचा सगळ्यात नवा वॉकर घेऊन गेले.

तात्यांनी चष्मा लावून तो वाचला. वाचला म्हणजे, पुढच्या दांडीवर माझ्याच अक्षरात होतं, 'कै. भास्करराव देवरे'. भास्करराव म्हणजे तात्यांचे जानी दोस्त, शेजारच्याच बंगल्यातले. वर्षभरापूर्वी गेले. त्यानंतर तात्यांनी त्यांच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. जीवच होत नव्हता म्हणे.

तात्या चिडले की अहिराणीवर येतात. ओरडले, "उचला हे! मी आजून जित्ता शे!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अहो, आजारी माणसाच्या हातात मेलेल्याचं नाव द्यायचं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

*

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः कोरा, बिननावाचा वॉकर घेऊन गेले. तात्या त्यांना म्हणाले, "याच्यावर जागा कुणासाठी सोडली?"

त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आठवडा गेला. पाय बारीक व्हायला लागले. मी तर रोज देवाला म्हणत होते, माझ्या ब्रशला आग लागो, पण या माणसाला उठव.

*

शेवटी देवरे वहिनी तात्यांकडे गेल्या. भास्कररावांच्या पत्नी. संघाच्या खोलीतून तोच वॉकर मागून घेतला आणि तात्यांच्या पलंगापासून चार हातांवर ठेवला. मी दारातच होते.

"भाऊजी, हा यांच्यासाठी घेतला होता. शुगर होतीच, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चाला, हे म्हणाले उद्या. उद्या उद्या करत गेले. एक पाऊल टाकलं नाही यावर. मुठींवरचं प्लॅस्टिकसुद्धा मीच काढलं, संघाला देताना."

तात्या भिंतीकडेच बघत होते. वहिनी पलंगाजवळ सरकल्या.

"यांच्या पाया पडले होते मी. तुमच्याही पडू का?"

एवढं बोलून त्या निघून गेल्या. वॉकर तिथेच राहिला. काकू म्हणाल्या, राहू दे.

*

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी मी वहिनींकडे सभेच्या नोटिशीवर सही घ्यायला गेले होते. बाहेर टक्, टक् आवाज आला. थांबला. परत टक्, टक्.

आम्ही ओट्यावर आलो. फाटकात तात्या. घामाघूम झालेले, शर्टाची बटणं वरखाली, मागे काकू तोंडाला पदर लावून उभ्या. वॉकर पुढे टाकत, दम खात, तात्या एकेक पाऊल करत पायरीपर्यंत आले. वहिनींना हाका मारायची गरज नव्हती, तरी मोठ्यांदा ओरडले,

"वहिनी, भास्करला चालवत आणलंय! आम्हा दोघांना चहा टाका!"

वहिनी वॉकरवरच्या नावाकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि आत जाता जाता म्हणाल्या,

"यांना बिनसाखरेचाच मिळेल!"